टाकीवरचं नाव आणि इंजिनावरचा नंबर

स्मरणिका समितीने मला 'बँकेतले अनुभव' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. पण ते अनुभव मी गेली पंचवीस वर्षं बाकावर, लिफ्टमध्ये आणि दूध केंद्राच्या रांगेत इतक्यांदा सांगितले आहेत की आता ते छापून कोणाचा छळ करावा असं वाटत नाही. म्हणून समितीच्या परवानगीनं विषय बदलला आहे. मात्र नव्या विषयातही बँक थोडीशी डोकावेल, त्याला माझा इलाज नाही.

डी विंगच्या पंपरूमशेजारी ताडपत्रीखाली एक जुनी फटफटी उभी आहे, ती सगळ्यांनी पाहिली आहे. सोसायटीचा ताबा मिळाला त्याच महिन्यात ती टेम्पोतून आली आणि तिथेच राहिली. आपली मुलं लपाछपी खेळताना तिच्यामागे लपली, मोठी झाली, काही परदेशी गेली. गाडी हलली नाही. तिला सगळे 'बुलेट' म्हणतात. मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चार्जिंग पॉइंटसाठी जागा हवी असा विषय निघाला आणि ती गाडी तीन महिन्यांत हलवावी असा ठराव झाला. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला होता, हे आधीच कबूल करतो.

पुढच्याच रविवारी गेटवर भंगारवाला उभा दिसला. गाडी ज्यांच्या घरची, त्या वहिनी त्याच्याशी बोलत होत्या. तो सहा हजार म्हणत होता. मला एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "वहिनी, आठ दिवस थांबा. ती गाडी कोण आहे ते आधी पाहू."

"कोण म्हणजे? बुलेटच ना भाऊजी? सासऱ्यांची होती. ह्यांनी नुसती आठवण म्हणून ठेवली."

पोटात खड्डा का पडला, ते सांगतो.

माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्यांच्या कामावर फिरायला त्यांनी एक फटफटी घेतली होती. लष्कराच्या लिलावात निघालेली, दोन हात फिरून आमच्याकडे आलेली. खाकी रंगाच्या त्या टाकीवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. ओळखीच्या गॅरेजवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, "ओव्हरसियरसाहेब, ही नॉर्टन." वडिलांनी टाकी काळी करून घेतली आणि पेंटरकडून त्यावर सोनेरी अक्षरांत 'नॉर्टन' लिहून घेतलं. आमच्या वाड्यात ती नॉर्टन म्हणूनच नांदली. वडील १९७६ साली गेले. १९७९ मध्ये माझी बदली झाली, भाड्याची एक खोली, गाडी ठेवायला जागा नाही. मी ती साडेतीनशे रुपयांना, वजनावर विकली. वजनकाट्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

निवृत्तीनंतर ट्रंक आवरताना त्या गाडीचं आर.सी. बुक हाती लागलं. इंजिन नंबरच्या रकान्यात सुरुवातीलाच 'डब्ल्यूएम२०' असं लिहिलेलं होतं. आयुष्यभर कर्जदारांचे इंजिन नंबर तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या वडिलांच्या गाडीचा नंबर कधी वाचला नव्हता! मग मी जुन्या बाजारातून माहितीपुस्तकं गोळा केली, मॅन्युअलं वाचली आणि कळलं की ती नॉर्टन नव्हतीच. ती बर्मिंगहॅमची बीएसए, मॉडेल एम२०. म्हणजे घरातल्या माणसासारखी वीस वर्षं वागवलेली गाडी मी नाव न विचारताच विकून टाकली. तेव्हापासून हा नाद लागला. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात इथे मांडतो.

सगळ्याच 'बुलेट' कशा झाल्या?

आपल्याकडे एका सिलिंडरची, जड, धडधडणारी कोणतीही जुनी गाडी म्हणजे बुलेट. यात लोकांची फारशी चूक नाही. बुलेट हे नाव इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीनं १९३२ साली पहिल्यांदा वापरलं. कंपनी बंदुकीचे सुटे भाग बनवण्याच्या धंद्याशी जोडलेली, म्हणून एनफिल्ड हे नाव, तोफेचं चिन्ह आणि 'बुलेट' म्हणजे गोळी. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानं ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या, १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि गाड्या मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनू लागल्या. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण आपल्याकडची बुलेट चालू राहिली. बाकीच्या विलायती गाड्या रस्त्यावरून गेल्या आणि उरलेल्या एकीचंच नाव सगळ्यांना चिकटलं. वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हणतो, तसंच हे.

नावांमागचा हिशेब

ब्रिटिश कंपन्यांची नावं ठेवण्याची पद्धत एकसारखी नव्हती. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, आणि तो कळला की अर्धी ओळख पटते.

सुरुवातीच्या काळात गाडी अश्वशक्तीच्या आकड्यानं ओळखली जायची. साडेतीन अश्वशक्तीची म्हणजे साधारण ५०० सीसीची. हा आकडा प्रत्यक्ष ताकदीचा नसून वर्गवारीचा होता. नॉर्टनची ६३३ सीसीची 'बिग फोर' हे नाव त्या चार अश्वशक्तीवरून आलं.

नॉर्टनचंच दुसरं नाव ऐकण्यासारखं आहे. १९२० च्या दशकातलं त्यांचं एक मॉडेल १६एच आणि दुसरं १७सी. 'एच' म्हणजे होम, इंग्लंडमधल्या रस्त्यांसाठी. 'सी' म्हणजे कलोनियल, वसाहतींसाठी, कारण आपल्यासारख्या देशांतल्या खाचखळग्यांच्या रस्त्यांवर गाडी जमिनीपासून जरा उंच लागायची. गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धात नॉर्टननं लष्कराला सुमारे एक लाख गाड्या पुरवल्या आणि त्यांत मुख्य भरणा होता या 'होम'चाच. घरच्या रस्त्यासाठी नाव ठेवलेली गाडी जगभरच्या वाळवंटांतून आणि चिखलातून फिरून आली.

बीएसएचा हिशेब मला सगळ्यात जवळचा, कारण तो बँकेच्या लेजरसारखा आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन काढलेली ही कंपनी, म्हणून चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. युद्धानंतरच्या त्यांच्या गाड्यांत पहिलं अक्षर जात सांगतं. ए म्हणजे दोन सिलिंडरची; ए७ ही ५०० सीसी, ए१० ही ६५० सीसी. बी म्हणजे एक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह वर डोक्यात. बी३१ ही ३५० आणि बी३३ ही ५०० सीसी. सी म्हणजे २५० सीसीची हलकी गाडी. डी म्हणजे छोटी बॅन्टम. एम म्हणजे साइडकार ओढू शकणारी दणकट गाडी. एम२० ही ५०० आणि एम२१ ही ६०० सीसी. अक्षरानंतरच्या आकड्याचा सीसीशी संबंध जोडायला जाऊ नका. तो नुसता फोलिओ नंबर समजा.

अक्षराच्या आधी आणखी एक अक्षर असेल तर ते साल सांगतं. वडिलांच्या 'डब्ल्यूएम२०' मधला डब्ल्यू म्हणजे १९४० पासूनची युद्धकालीन गाडी. हे कळल्यावर मी त्या कारखान्याचा इतिहास वाचला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी बीएसएच्या स्मॉल हीथ कारखान्यावर बॉम्ब टाकले. रात्रपाळीचे ५३ कामगार त्यात गेले. तरी युद्ध संपेपर्यंत सव्वा लाखाहून अधिक एम२० तयार झाल्या. त्यांतली एक आमच्या वाड्यात आली होती.

बॅन्टमची कथा याच्या अगदी उलट. युद्ध हरलेल्या जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीची १२५ सीसीची रेखाचित्रं नुकसानभरपाईपोटी इंग्लंडला मिळाली. बीएसएनं त्यांची आरशातल्यासारखी डावी-उजवी अदलाबदल केली आणि १९४८ मध्ये बॅन्टम बाजारात आणली. ज्यांनी कारखाना पाडला, त्यांच्याच आराखड्यावर कारखान्यानं पैसा कमावला.

ट्रायम्फचा हिशेब बढाईचा. एडवर्ड टर्नर हे त्यांचे कल्पक प्रमुख. त्यांनी टायगर ७०, ८० आणि ९० अशा गाड्या काढल्या, मग टायगर १००. आकडा म्हणजे ताशी किती मैल पळते याचा दावा. १९५९ ची टी१२० बोनव्हिल म्हणजे ताशी १२० मैल. बोनव्हिल हे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मिठाचं मैदान. तिथे १९५६ मध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेलं एक लांबट वाहन ताशी २१४ मैलांवर गेलं, त्याची ही आठवण. पण इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. ट्रायम्फचीच टी२० टायगर कब ताशी वीस मैल पळणारी नव्हे! तिथे २० म्हणजे २०० सीसी, आणि तिच्या आधीची टी१५ म्हणजे १५० सीसी. एकाच कंपनीत छोट्या गाड्यांचा आकडा इंजिनाचा आणि मोठ्यांचा वेगाचा. आमच्याकडे एका शाखेत 'सस्पेन्स'चा अर्थ वेगळा आणि दुसरीत वेगळा होता, त्यातला प्रकार.

काही नावं माणसांची आहेत. एजेएस म्हणजे अल्बर्ट जॉन स्टीव्हन्स. व्हिन्सेंट एचआरडी मधला एचआरडी म्हणजे हॉवर्ड आर. डेव्हिस, फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्ये त्यांच्या कंपनीचं नाव विकत घेतलं. काही नावं लोकांनी ठेवली. व्हेलोसेटची एलई ही पाण्यानं थंड राहणारी, आवाज न करणारी गाडी ब्रिटिश पोलिसांना दिली गेली. हँडल सोडून साहेबाला सलाम करणं धोक्याचं, म्हणून मान हलवली तरी चालेल अशी सवलत मिळाली. मान डोलावणाऱ्यांची गाडी म्हणून ती 'नॉडी बाइक' झाली.

ओळखायची कशी?

टाकीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा, ही माझी पहिली सूचना. टाकी बदलता येते, रंग बदलता येतो, पेंटर सांगाल ते लिहितो. आमच्या घरी हेच झालं.

आधी इंजिन पाहा. सिलिंडर एक की दोन? सिलिंडरच्या डोक्यावर नुसत्या सपाट पात्या असतील तर व्हॉल्व्ह बाजूला आहेत, ती साइड व्हॉल्व्ह गाडी. बाजूनं पुशरॉडच्या नळ्या वर जाऊन डोक्यावर रॉकरची पेटी असेल तर ती ओव्हरहेड व्हॉल्व्ह. नॉर्टन १६एच आणि बीएसए एम२० या दोन्ही साइड व्हॉल्व्ह, दोन्ही एका सिलिंडरच्या, दोन्ही जवळपास ५०० सीसीच्या. गॅरेजवाल्याची चूक समजण्यासारखी होती, पण चूक ती चूकच.

मग पुढचा चिमटा पाहा. पट्ट्यांचा आणि मधे स्प्रिंगचा असेल तर गाडी बहुधा १९४० च्या दशकातली किंवा त्याआधीची. दोन नळ्या एकमेकींत सरकणारा टेलिस्कोपिक असेल तर त्यानंतरची.

शेवटी नंबर. सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर आणि सांगाड्यावरचा चेसिस नंबर. तेल आणि माती रॉकेलनं पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. वाहनकर्जाच्या तपासणीत आम्ही हेच करायचो. अक्षरं एका ओळीत आणि एकाच खोलीची आहेत ना, हेही बघा. एकदा एका कर्ज प्रकरणात आकडे वाकडेतिकडे दिसले आणि खालचा धातू घासलेला निघाला. तो अर्ज मी परत पाठवला होता.

दोन्ही नंबर वेगळे दिसले म्हणून मात्र लगेच गाडी चोरीची ठरवू नका. १९५० च्या दशकातल्या बीएसएवर इंजिन आणि चेसिसचे नंबर मुळातच वेगळे असायचे. त्याच काळातल्या ट्रायम्फवर मात्र ते जुळायला हवेत. पुन्हा तेच, ज्याचा त्याचा हिशेब.

ताडपत्रीखालची पाहुणी

आता डी विंगकडे येऊ. वहिनींच्या परवानगीनं, सेक्रेटरींच्या मुलाला मदतीला घेऊन मी ताडपत्री काढली. एक सिलिंडर. ओव्हरहेड व्हॉल्व्ह. पुढे टेलिस्कोपिक चिमटा. टाकीवर गंज, नाव काहीच नाही. मी क्रँककेस पुसला, कागद धरला, पेन्सिल घासली. कागदावर आलं: '४७', आणि पुढे 'जी३एल'.

मुलानं विचारलं, "काका, बुलेट ना?" मी म्हटलं, "नाही रे. मॅचलेस."

मॅचलेस म्हणजे जिला जोड नाही अशी. लंडनच्या प्लमस्टेड भागातल्या कॉलियर कुटुंबाची ही कंपनी. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली पहिली टीटी शर्यत झाली, तेव्हा एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर स्वतः मॅचलेस चालवून जिंकले होते. जी३ ही त्यांची ३५० सीसीची गाडी. 'एल' म्हणजे लाइटवेट, कारण १९४१ मध्ये तिचं वजन कमी करून तिला टेलिस्कोपिक चिमटा बसवला गेला. निरोप पोचवणाऱ्या लष्करी स्वारांची ही आवडती गाडी. आणि '४७' म्हणजे १९४७ चं मॉडेल, आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षाचं!

एक शंका उरली होती. मॅचलेसनं १९३१ मध्ये एजेएस कंपनी विकत घेतली होती आणि युद्धानंतर जी३एल हीच गाडी थोड्या फरकानं 'एजेएस १६एम' या नावानंही विकली जात होती. फरक ओळखायची खूण म्हणजे मॅग्नेटो. एजेएसवर तो सिलिंडरच्या पुढे असतो, मॅचलेसवर मागे. इथे मागे होता. मग वहिनींनी कपाटातून सासऱ्यांचं आर.सी. बुक शोधून आणलं. पेन्सिलीच्या छापेशी नंबर अक्षर न् अक्षर जुळला. केवायसी पूर्ण!

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मामंजी तिला कधी बुलेट म्हणायचे नाहीत. 'माझी मॅचलेस' म्हणायचे. मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात."

एक सहकारी संस्था आणि तिचा रौप्यमहोत्सव

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय का, असं कोणी विचारील. त्याचंही उत्तर आहे.

१९३५ साली ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं बीएसएनं आपल्या गाडीला 'एम्पायर स्टार' नाव दिलं. १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तीच गाडी ताशी १०० मैलांहून जास्त वेगानं पळवली. असा फेरा मारणाऱ्याला तिथे सोन्याचा तारा मिळे. पुढच्याच वर्षी गाडीचं नाव झालं 'गोल्ड स्टार'.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. १९७३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद करायचं जाहीर झालं. कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडलं. दीड वर्ष ते हटले नाहीत. शेवटी मार्च १९७५ मध्ये सरकारी कर्जाच्या मदतीनं कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि सगळ्यांना सारखाच पगार ठरला. १९७७ मध्ये राणी एलिझाबेथ यांचा रौप्यमहोत्सव आला, तेव्हा या सहकारी संस्थेनं रुपेरी रंगाची खास बोनव्हिल काढली. तिचं नाव टी१४०जे. जे म्हणजे ज्युबिली. ब्रिटनसाठी एक हजार, मग अमेरिका आणि इतर देशांसाठी आणखी. ती संस्था १९८३ मध्ये बंद पडली. स्वतःचा रौप्यमहोत्सव तिला पाहता आला नाही. पण तिनं ते नाव आठ वर्षं जिवंत ठेवलं, आणि त्या नावावर पुढे जॉन ब्लूर यांनी हिंकलीला नवा कारखाना उभा केला. आज ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. बीएसए हे नाव महिंद्र समूहातल्या क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि नॉर्टन टीव्हीएसकडे. 'होम' आणि 'कलोनियल' यांची अशी अदलाबदल झालेली पाहून माझ्या वडिलांना हसू आलं असतं.

सभासदांना विनंती

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले आहेत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. वहिनींच्या नातवानं त्याची चौकशी सुरू केली आहे. दिवाळीत तो आला की गाडी त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे जाईल आणि चार्जिंग पॉइंटची जागाही मोकळी होईल. सभेचा ठराव पाळला जाईल आणि घरची वस्तू घरात राहील.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, गावच्या घरी, गोठ्यात अशी एखादी गाडी असेल. गाडी नसली तरी शिवणयंत्र असेल, रेडिओ असेल, आजोबांचं घड्याळ असेल. ठेवा किंवा विका, तो तुमचा प्रश्न. जागेची अडचण मलाही होती. फक्त देण्याआधी एकदा नंबर वाचा आणि घरातल्या थोरांना विचारा की ते तिला काय म्हणायचे. पातळ कागद आणि पेन्सिल माझ्याकडे नेहमी असते. सकाळी दहानंतर केव्हाही बेल वाजवा.